अभ्यासिकेच्या कपाटात गणित आणि प्रोग्रामिंगची कोणती पुस्तकं ठेवावीत

प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या एका गावात अभ्यासिका आहे. कपाटात पोलीस भरती आणि तलाठी भरतीचे गठ्ठे. आठवीपासून बी.एस्सी., बीसीएपर्यंतच्या दहा-बारा पोरापोरींना गणिताची आणि प्रोग्रामिंगची मनापासून आवड आहे. विंडोज ७ चे दोन जुने संगणक, नेट मोबाईलचं, आणि वर्गणीतून जमलेले पाच हजार रुपये. कोणती पुस्तकं आणावीत, आणि कोणत्या क्रमानं?

भाऊ, अशा याद्यांचं एक ठरलेलं होतं. जगातली मोठी नावं गोळा होतात, पार्सल येतं, पहिल्या प्रकरणाची पानं मळतात आणि पुढची कोरी राहतात. पोरांची बुद्धी कमी पडली असं त्यात फारसं नसतं, मधली एखादी पायरी गाळलेली असते. म्हणून खाली प्रत्येक पुस्तकासोबत ते उघडण्याआधी काय यायला पाहिजे हेही सांगतो. विकत सहा-सातच घ्या. तीन पुस्तकं लेखकांनीच फुकट दिलेली आहेत, ती छापून बांधून घ्या. छपाईचा खर्च सोडून हजारभर रुपये वह्या, आलेखाचे कागद आणि पेन्सिलींसाठी बाजूला ठेवा. तो खर्च उगाच वाटेल, पण पाठकोरा कागद हाताशी नसला की पोरं गणित डोळ्यांनीच वाचतात, आणि तसं वाचलेलं आठवडाभरही टिकत नाही.

सगळ्यात आधी भाषेचा अडसर. मराठी माध्यमाचा मुलगा दहावीपर्यंत निश्चयक, अंकगणिती श्रेढी, अपरिमेय संख्या असं शिकतो आणि अकरावी सायन्सला तेच सगळं इंग्रजीत समोर येतं. सेमी इंग्रजीवाल्याचं उलटं, त्याला मराठी पुस्तक दिलं की तो अडखळतो. यावर एक शंभर पानी वही करा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि त्याचं स्पेलिंग, खाली एक उदाहरण. दीडशे शब्दांत काम भागतं. दोन सापळे आधीच सांगून ठेवतो. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात मसाविला एचसीएफ म्हणतात, प्रोग्रामिंगच्या पुस्तकात त्यालाच जीसीडी, म्हणजे एकाच गोष्टीची तीन नावं. आणि ‘मूळ’ हा शब्द मराठीत दोन कामं करतो: मूळ संख्या म्हणजे प्राइम, समीकरणाचं मूळ म्हणजे रूट. पण खरी पंचाईत मोठ्या शब्दांनी होत नाही. ‘ॲट मोस्ट’, ‘ॲट लीस्ट’, ‘सच दॅट’, ‘सपोज’, ‘इफ अँड ओन्ली इफ’ या बारक्या शब्दांवर गाडी अडते. ‘ॲट मोस्ट थ्री’ म्हणजे तीन किंवा त्याहून कमी. हे चुकलं की पुढचं अख्खं गणित बरोबर सोडवूनही उत्तर चूक येतं. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर घ्या.

पायाभूत पुस्तकांवर एक रुपयाही खर्च करू नका. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ज्याचं दहावीचं बीजगणित आणि भूमिती पक्कं नाही, त्यानं आधी तिथे जावं, त्यात कमीपणा नाही. एनसीईआरटीचे ‘एक्झेम्प्लार’ हे सरावसंच वेगळे उतरवून घ्या, पाठ्यपुस्तकापेक्षा त्यातले प्रश्न खोल आहेत. एनसीईआरटीच्या जुन्या नववीच्या गणितात शेवटी सिद्धतांवर एक परिशिष्ट होतं, तेवढी पानं छापून ठेवा. विधान खरं असणं आणि ते सिद्ध होणं यातला फरक इतक्या सोप्या भाषेत क्वचित सापडतो.

आता खरेदी. पहिलं नाव मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’, दोन्ही भाग. आठवी-नववीच्या पोरांच्या हातात थेट द्या, पूर्वतयारी काही लागत नाही. अच्युत गोडबोल्यांचं ‘गणिती’ हे गणितज्ञांविषयीचं पुस्तक आहे. ते वाचनासाठी उत्तम, पण त्यातून गणित सोडवायला शिकता येईल असं समजून घेऊ नका. पैसे उरले तर घ्या.

दुसरं ‘लीलावती’. पाटी-पूजनाला ठेवण्यासाठी म्हणून नाही सांगत. भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथातली बरीचशी गणितं आजच्या दहावीच्या पोराला सुटतात आणि त्याला घाम फोडतात. मराठीत ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ आहे. ते कुठल्याही दुकानात दिसेल असं नाही, जिल्ह्याच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा, नागपूरला कोणी जात असेल तर सीताबर्डीच्या बाजारात शोधायला सांगा. त्यातलं एक गणित बघा: ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबापासून २७ हातांवरून साप बिळाकडे निघाला, मोरानं तिरकी झेप घेतली, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? पायथागोरसचं प्रमेय लावलं की उत्तर १२ येतं, दोघांनी कापलेलं अंतर १५. पोरं सूत्र शोधत बसतात. तुम्ही फक्त आकृती काढायला लावा.

या ग्रंथातला आपल्या भागाला सगळ्यात जवळचा भाग म्हणजे चौकोनाचं क्षेत्रफळ. गावोगाव अजून एक पद्धत चालते: वावराच्या समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्या गुणायच्या. भास्कराचार्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही, कर्ण किंवा लंब द्यावाच लागतो, आणि ते न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटलं आहे. उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठं. का ते दहा मिनिटांत दाखवता येतं. सायकलच्या चार सारख्या तारांची चौकट करा. प्रत्येक बाजू १०० मीटर समजा. काटकोनात धरली तर १ हेक्टर. दाबून एक कोन ३० अंशांचा केला तर बाजू त्याच, क्षेत्रफळ अर्धा हेक्टर. धुऱ्यांच्या सरासरीची पद्धत दोन्ही वेळेला १ हेक्टरच सांगते.

इथूनच प्रोग्रामिंगमध्ये शिरता येतं. वावराचे चार कोपरे आलेखाच्या कागदावर मांडा, मीटरमध्ये: (०, ०), (९०, १०), (१००, ८०), (५, ७०). लागोपाठच्या दोन कोपऱ्यांसाठी पहिल्याचा क्ष गुणिले दुसऱ्याचा य, वजा दुसऱ्याचा क्ष गुणिले पहिल्याचा य. शेवटच्या कोपऱ्यावरून परत पहिल्यावर या. चार संख्या येतात: ०, ६२००, ६६००, ०. बेरीज १२,८००, तिच्या निम्मे ६,४०० चौरस मीटर, म्हणजे सातबारावर ०.६४ हेक्टर, साधारण १.५८ एकर. त्याच वावराला सरासरीची पद्धत लावली तर ६,५५४ येतात, म्हणजे जवळपास दीड गुंठा जास्त. आता मुद्दाम चूक करा: दुसरा आणि तिसरा कोपरा अदलाबदल करून टाका. उत्तर २५ चौरस मीटर येईल, कारण रेघा एकमेकींना छेदतात आणि एका भागाचं क्षेत्रफळ दुसऱ्यातून वजा होतं. कोपरे घड्याळाच्या दिशेनं घेतले तर उत्तर उणे येतं, तिथे फक्त चिन्ह सोडून द्यायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं हे तिन्ही प्रकार करून पाहिल्याशिवाय तो प्रोग्राम झाला असं धरू नका. (मोबाईलच्या जीपीएसवरून कोपरे घेणार असाल तर प्रत्येक कोपरा चार-पाच मीटर इकडेतिकडे होऊ शकतो. मोठ्या वावराला ठीक, घराच्या प्लॉटला बिलकुल नाही, आणि धुऱ्याच्या भांडणात तर नाहीच नाही.)

तिसरं पुस्तक जॉर्ज पोल्या यांचं ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’, १९४५ सालचं. हे सलग वाचायचं पुस्तक नाही. सुरुवातीचा भाग वाचा, मग मधला कोश लागेल तसा उघडा. चार टप्पे सांगितले आहेत: प्रश्न समजून घेणं, बेत आखणं, बेत पार पाडणं, मागे वळून बघणं. पोरं पहिला आणि चौथा टप्पा गाळतात. अभ्यासिकेत नियम करा की उत्तर आल्यावर वहीत दोन ओळी लिहायच्या: उत्तर तपासलं कसं, आणि दुसऱ्या कोणत्या रस्त्यानं आलं असतं. इंग्रजी कठीण नाही, पण दहावीच्या आत देऊ नका.

चौथं ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’. कृष्णमूर्ती, प्राणेशाचार, रंगनाथन आणि वेंकटाचल या चौघांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं. अंकसिद्धान्त, भूमिती, असमानता, मोजणीचं शास्त्र, सगळं एका ठिकाणी. ऑलिंपियाडला, म्हणजे गणिताच्या स्पर्धेला, बसायचं नसलं तरी घ्या. यात गंमत अशी आहे की पहिली सोडवलेली उदाहरणं सोपी वाटतात आणि सरावसंचात अचानक चढ लागतो. एका गणितावर दोन तास गेले तरी चालतील, असं आधीच सांगून ठेवलं पाहिजे. शाळेत पाच मिनिटांत न सुटलेलं गणित ‘येत नाही’ या खात्यात जातं. तीच सवय इथे आणली की पुस्तक महिन्याभरात कपाटात परत येतं. जुन्या ऑलिंपियाडच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

हॉल आणि नाईट यांचं ‘हायर अल्जिब्रा’ (१८८७) आणि लोनींची त्रिकोणमिती कोणीतरी सुचवेलच. प्रश्न अस्सल, समजावणं त्रोटक. दोन्ही जुनी असल्यानं इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, तेव्हा विकत कशाला घ्यायची? कलन (कॅल्क्युलस) सुरू करणाऱ्याला सिल्वेनस थॉम्पसन यांचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ (१९१०) उतरवून द्या. कडक सिद्धता त्यात नाहीत, पण डीवाय-डीएक्सची भीती जाते, आणि बारावीच्या पोराला आधी तेच हवं असतं.

आता संगणकाकडे. विंडोज ७ वर एक गोष्ट हमखास बिघडते: पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ताजी आवृत्ती उतरवतात आणि ती बसतच नाही. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८. ती पेनड्राईव्हवर आणा, सोबत ‘आयडल’ नावाचा लिहायचा फलक आपोआप येतो, नेट लागत नाही. बसवताना ‘ॲड टू पाथ’ या चौकटीवर खूण करायला विसरू नका. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी ‘पायड्रॉइड ३’ घ्यावं, तेही ऑफलाइन चालतं. पण लहान पडद्यावर शंभर ओळींच्या पुढे जीव नकोसा होतो, म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहायची सवय लावा. लाईट गेल्यावरही अभ्यास चालू राहतो, हा त्याचा वरचा फायदा.

पायथॉनसाठी पुस्तक ॲलन डाऊनी यांचं ‘थिंक पायथॉन’. फुकट पीडीएफ आहे, बिगर-व्यापारी वापरासाठी छापायला मोकळीक आहे, पानं अडीचशेच्या आसपास. इथे एक गोष्ट जपा: दुसरी आवृत्ती छापा. तिसरी आवृत्ती ज्युपिटर नोटबुकवर (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामची वही) बेतलेली आहे, तुमच्या जुन्या संगणकांवर आणि मोबाईलच्या नेटवर ती त्रास देईल. दुसरीतलं चौथं प्रकरण ‘टर्टल’चं आहे, त्यात कासव पडद्यावर रेघा काढत जातं. वर सांगितलेलं वावर त्याच कासवाकडून काढून घ्या, कोपऱ्यांचा क्रम चुकला की डोळ्यांना दिसतंच. ॲल स्वायगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन’ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. ज्याला गणितापेक्षा फायली, एक्सेल, हिशेब यांत रस आहे, त्याला ते द्या. इंग्रजीची अडचण फारच असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी धडे आहेत, एकदा उतरवून ठेवले की पुन्हा नेट नको.

पायथॉनबद्दल मराठी पोरांना आवडेल असं एक सांगतो. त्यात चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ‘वावर’ किंवा ‘भाव’ चालतं. कोणी कीबोर्डवरून १२३ देवनागरीत टाकलं तरी ‘इंट’ ही आज्ञा त्याची संख्या करून देते. मात्र प्रोग्रामच्या आत थेट लिहिलेल्या संख्या इंग्रजी अंकांतच लागतात. आणि ‘क्षेत्र’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ७ येतं. कारण संगणकासाठी ते क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे सात तुकडे आहेत. अक्षर म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न इथून सुरू होतो आणि तो वाटतो त्याहून खोल आहे.

पहिला खरा सराव म्हणून कापरेकरांची संख्या घ्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ शोधली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आता २१११ घ्या. वजाबाकी ९९९. इथे नवशिक्याचा प्रोग्राम घात करतो: ९९९ उलटसुलट कसंही लावा, वजाबाकी शून्य, आणि पुढे शून्यच शून्य. खरं तर ती ०९९९ आहे आणि पुढची पायरी ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. संख्येत सुरुवातीचं शून्य राहत नाही, अक्षरमालेत (स्ट्रिंगमध्ये) राहतं. उपाय म्हणजे अंकांची अक्षरमाला करताना ‘झेडफिल’नं चार घरं भरून घेणं. संख्या आणि तिचं लिहिलेलं रूप या दोन गोष्टी आहेत, हा धडा इथे शिकलेला पोरगा पुढे शून्यानं सुरू होणारा बँकेचा खाते क्रमांक किंवा एसटीडी कोड हाताळताना चुकत नाही.

पाचवं, सी भाषेचं. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं ‘लेट अस सी’ आपल्याकडच्या बहुतेक बीसीए, इंजिनिअरिंगच्या पोरांकडे असतंच. समजावण्याची हातोटी चांगली, सराव भरपूर. फक्त जुनी आवृत्ती घेऊ नका. जुन्या आवृत्त्या टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणारं साधन) काळातल्या आहेत आणि कित्येक कॉलेजांत प्रात्यक्षिक अजून त्यावरच चालतं. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा डबा, दोन बाइटांचा, म्हणून ३२,७६७ च्या पुढे जात नाही. पोरांना फॅक्टोरियलचा (१ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार) एकच प्रोग्राम तीन ठिकाणी चालवायला लावा. ७ चा फॅक्टोरियल ५,०४० सगळीकडे बरोबर येतो. ८ चा टर्बो सीमध्ये उणे २५,२१६ येतो, खरा ४०,३२०. आजच्या जीसीसी या कंपायलरमध्ये इंट चार बाइटांचा, तिथे १२ पर्यंत ठीक चालतं आणि १३ ला ६२२ कोटींच्या ऐवजी १९३ कोटी छापलं जातं. पायथॉनमध्ये हवं तेवढं मोठं चालतं. चूक प्रोग्रामच्या तर्कात नाही, डब्याच्या मापात आहे. संगणकांवर जीसीसी आणायला ‘कोडब्लॉक्स’ सोयीचं, पण नावात ‘मिनजीडब्ल्यू’ असलेलीच फाइल उतरवा. नुसती उतरवली तर लिहायचा फलक येतो, कंपायलर येत नाही, आणि दोन दिवस डोकं खाजवण्यात जातात.

कर्निगन आणि रिची यांचं ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’, दुसरी आवृत्ती, १९८८, पावणेतीनशे पानं. हे सहावं घ्या, पण पहिलं पुस्तक म्हणून कोणाला देऊ नका. लेखक गृहीत धरतात की वाचणाऱ्याला प्रोग्राम म्हणजे काय ते माहीत आहे. ‘लेट अस सी’मधले पॉइंटर (स्मृतीतला पत्ता धरून ठेवणारे चल) पचले की मग याचं पाचवं प्रकरण उघडावं.

सातवं चार्ल्स पेट्झोल्ड यांचं ‘कोड’. टॉर्चनं संदेश पाठवण्यापासून सुरुवात करून, रिले (विजेनं चालू-बंद होणारे स्विच) जोडत जोडत, संगणक आतून कसा चालतो तिथपर्यंत नेतं. कास्तकाराच्या घरातल्या पोरांना यातला अवघड भाग सोपा जाईल असं माझं मत आहे, कारण मोटारीचा स्टार्टर त्यांनी पाहिलेला असतो. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटार चालू राहते. कारण कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोठा रिलेच) ओढला गेला की त्याचाच एक जोड-संपर्क बटणाला समांतर जोडला जातो आणि कॉइलला वीज मिळत राहते. लाल बटणानं तो धरलेला सुटतो. बटण सोडल्यावरही ‘आपल्याला चालू करून ठेवलं होतं’ हे स्टार्टर लक्षात ठेवतो, म्हणजे ती एका बिटाची स्मृती झाली. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही, म्हणून तर लोक ऑटो स्विच बसवतात. रॅमचंही तेच, वीज गेली की विसरली. पेट्झोल्ड रिले एकमेकांत गुंतवून अशीच स्मृती उभी करतात. आकृती काढायला लावा, पण चालू स्टार्टरचं झाकण पोरांना उघडू देऊ नका, आत ४०० व्होल्टच्या वर तीन फेज असतात.

ज्याला हे आवडलं त्याच्यासाठी निसान आणि शॉकेन यांचं ‘द एलिमेंट्स ऑफ कॉम्प्युटिंग सिस्टिम्स’ आहे. नँड या एकाच ‘लॉजिक गेट’पासून (० आणि १ वर काम करणारं दार) सगळा संगणक आभासी रूपात बांधायचा, साधनं फुकट. महाग आहे, दुसऱ्या वर्षाच्या वर्गणीवर सोडा.

अल्गोरिदमसाठी (प्रश्न पायरीपायरीनं सोडवायच्या पद्धती) सगळे ‘सीएलआरएस’चं नाव घेतील, चार लेखकांचं ‘इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स’. हजाराच्या वर पानं, आणि पाच हजारांतला मोठा हिस्सा तेच खाईल. आत्ता घेऊ नका. त्याऐवजी अँटी लाक्सोनेन यांचं ‘कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामर्स हँडबुक’ छापून घ्या, लेखकानं फुकट ठेवलं आहे, तीनशेच्या आसपास पानं, भाषा सी++. सोबत त्यांचाच ‘सीएसईएस’ हा प्रश्नसंच आहे. प्रश्न मोबाईलवर उतरवून घ्यायचे, संगणकावर सोडवायचे, नेट असेल तेव्हा तपासायला टाकायचे. सीएलआरएस कोणाला कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळालं, तर एक खबरदारी: त्यात यादीची मोजणी बहुतेक ठिकाणी १ पासून आहे, पायथॉन आणि सीमध्ये ० पासून. जसंच्या तसं उतरवलं की एका घराची चूक होते.

एका घराच्या चुकांवरून, द्विभाजन शोध (क्रमानं लावलेल्या यादीचं मधलं घर बघून दर वेळी निम्मी यादी सोडत जायचं) लिहायला सोपा आहे असं कोणाला वाटू देऊ नका. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ (१९८६) मध्ये सांगितलं आहे की कसलेल्या प्रोग्रामरना हे काम दिलं तर बहुतेकांचं चुकलं. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवलं की जावा या भाषेसोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांतल्या (लायब्ररीतल्या) आणि त्याच पुस्तकातल्या द्विभाजनातही दोष आहे. मधलं घर काढताना खालची आणि वरची जागा आधी मिळवून मग दोनानं भागलं जातं. यादी शंभर कोटींच्या वर गेली की ती बेरीज चार बाइटांच्या इंटमध्ये मावत नाही आणि उणे होते. दुरुस्ती: खालची जागा, अधिक फरकाच्या निम्मे. तेरा फॅक्टोरियलचा धडा ज्यानं हातानं केला आहे त्याला हे एका वाक्यात कळतं, म्हणून ते आधी.

बी.एस्सी.च्या पोरांसाठी छापायचं तिसरं: रिचर्ड हॅमॅक यांचं ‘बुक ऑफ प्रूफ’. संच, तर्क, सिद्धतेच्या पद्धती. विषम क्रमांकांच्या प्रश्नांची उत्तरं मागे आहेत, शिक्षक नसताना याचं मोल फार. हे झाल्यावर ग्रॅहम, कनुथ आणि पटाश्निक यांचं ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ (१९८९) कोणी मागितलं तर आनंदानं द्या, त्याआधी नाही. कनुथ यांचे ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’चे खंड कपाटाची शोभा होतील. तरी पहिल्या खंडाची (१९६८) सुरुवातीची पानं कुठून मिळाली तर पोरांना दाखवा. सुरुवातच युक्लिडच्या पद्धतीनं होते, म्हणजे आपण शाळेत भागाकारानं काढतो तोच मसावि. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५० असा अवघडपणाचा आकडा आहे, आणि वरच्या टोकाला न सुटलेले प्रश्न ठेवले आहेत.

झेरॉक्सबद्दल. वरची तीन सोडून बाकीच्या पुस्तकांच्या नकला काढू नका. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफचे गठ्ठे तर अभ्यासिकेत आणूच नका, कारण तीनशे पुस्तकांची फाइल असली की कोणीच एक पूर्ण करत नाही. छापताना दोन्ही बाजूंनी छापा, दीडशे पानांचे भाग करून स्पायरल करा. जाड एकच बांधणी सहा महिन्यांत सुटते, आणि भाग केले तर एक पुस्तक दोघांकडे फिरतं. पुस्तकं टपालानं मागवायची तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे, शैक्षणिक तसंच सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. विक्रेत्याला तीच वापरायला सांगा.

वेळापत्रक आपल्या हंगामाकडे बघून आखा. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्च परीक्षा. सलग वेळ मिळतो तो जुलै-ऑगस्टच्या झडीत आणि एप्रिल-मेच्या सकाळी, ऊन तापायच्या आत. झडीत ‘थिंक पायथॉन’ची पहिली दहा प्रकरणं, आठवड्याला एक. वेचणीच्या दिवसांत नवीन काही नको, फक्त ‘गणितगप्पा’ आणि ‘लीलावती’तलं रविवारी एक गणित फळ्यावर. उन्हाळ्यात ‘चॅलेंज अँड थ्रिल’ आणि सी. पुस्तक नेताना नोंदवहीत तारखेसोबत ‘किती प्रश्न सोडवून परत आणलं’ असा एक रकाना ठेवा. तो रकाना सलग दोन-तीन जणांकडे कोरा आला, तर ते पुस्तक सध्या वरच्या फळीवर टाका आणि त्याच्या खालची पायरी पुन्हा काढा.